तारीख एक, वाचने दोन

६/१२/१९५६ ही तारीख येलदरीत आपण सारे ६ डिसेंबर, बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन, अशीच वाचतो. अमेरिकी पद्धतीने मात्र ती १२ जून ठरते. तेथे महिना आधी लिहितात. म्हणून जावात तारीख ‘लोकलडेट’मध्ये साठवावी आणि दाखवताना ‘डेटटाइमफॉरमॅटर’ला वाचकाचा लोकेल द्यावा, असे आम्ही शिकवतो. मराठी लोकेल दिला की ‘डिसेंबर’ उमटते, पण अंक इंग्रजीच राहतात! देवनागरी अंकांसाठी ‘डेसिमलस्टाइल’ वेगळी सांगावी लागते. मुले हमखास येथेच अडतात.

वेळेची बाब निराळी. लोकेल बदलल्याने घड्याळ सरकत नाही. त्यासाठी ‘झोन्डडेटटाइम’मध्ये ‘एशिया/कोलकाता’ नोंदवून रूपांतर करावे. ६ डिसेंबरला येथे सकाळी १० वाजता वंदना सुरू झाली, तर लंडनमधील माजी विद्यार्थ्याच्या घड्याळात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात.