सातवी सीट कुणाची?

शोरूममध्ये मोठी गाडी बघायला आलेलं कुटुंब बहुधा ठरल्यासारखंच वागतं. बाबा स्टिअरिंगवर, मुलगा स्क्रीनवर तुटून पडलेला, आई मधल्या रांगेत एसीची हवा बघतेय आणि आजीला बाहेर सोफ्यावर चहा दिलेला. सेल्समन बटण दाबतो, पॅनोरॅमिक सनरूफ सरकतं आणि टोकन किती द्यायचं एवढंच बोलणं उरतं. तिसऱ्या रांगेत मात्र कुणी शिरूनही पाहत नाही. आमच्याकडे सात आसनी गाडी आल्यापासून ओळखीतले लोक मला अशा खरेदीला सोबत नेतात, आणि मी आधी मागे जाऊन बसतो. सेल्समनला ते आवडत नाही.

खरी परीक्षा गणपतीला कोकणात जाताना होते. सातही माणसं बसली की डिकीत दोन-तीन मऊ बॅगांपुरतीच जागा उरते. मग कुणीतरी छतावर कॅरिअर बसवायचं सुचवतो. पण छतावरचे रेल काही गाड्यांत निव्वळ शोभेचे असतात, त्यामुळे किती वजन चालेल ते मॅन्युअलमध्ये बघावंच लागतं. रांग मिटते कशी, हेही तितकंच महत्त्वाचं. टाटा सफारी आणि महिंद्रा एक्सयूव्ही ७०० यांची तिसरी रांग अर्धी-अर्धी आडवी होते, म्हणजे सहावा माणूस बसवून उरलेल्या अर्ध्या भागात सामान रचता येतं. टोयोटा फॉर्च्युनरमध्ये त्याच सीट उचलून दोन्ही खिडक्यांपाशी टांगाव्या लागतात, आणि तेवढी रुंदी जाते.

सहा आसनी की सात आसनी, हा वाद प्रत्येक घरात रंगतो. सफारी दोन्ही प्रकारांत मिळते. मधल्या रांगेत दोन स्वतंत्र कॅप्टन सीट असल्या की त्यांच्यामधून मुलं सहज मागे जातात. सलग बाक असेल तर मागे जाण्यासाठी सीट दुमडावी लागते. तान्हं मूल असलेल्या घरांनी इथे जरा थांबावं. चाइल्ड सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक सहसा मधल्या रांगेत कडेच्या जागांवर असतात, आणि तिथे चाइल्ड सीट बसवली की ती सीट दुमडता येत नाही. बाक असेल तर मागची वाट बंद! टेस्ट ड्राइव्हला जाताना चाइल्ड सीट सोबत न्यावी, ती तिथेच बसवून पाहावी आणि मग घरातल्या सगळ्यांत उंच माणसाला मागे पाठवावं.

मागे बसणाऱ्यालाही बेल्ट कायद्याने बंधनकारक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. तेव्हा महिनाभर चर्चा झाली. अजूनही कित्येक गाड्यांत मागचे बेल्ट सीटकव्हरखाली गाडलेले दिसतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवर सरसकट ४० टक्के जीएसटी आहे; पूर्वी उपकर धरून तो ५० टक्क्यांपर्यंत जायचा. सुटलेले पैसे वरच्या व्हेरियंटमध्ये घालायचा मोह होतो. त्याआधी चाकं बघावीत. सफारीच्या २०२३ च्या नव्या रूपात वरच्या व्हेरियंटला १९ इंची चाकं आली. दिसतात झकास, पण चाक जितकं मोठं तितकी टायरची भिंत बुटकी, आणि खड्ड्याचा दणका रिमपर्यंत लवकर पोचतो. गावाकडे वरचेवर जाणाऱ्याने १७ इंची चाकांना नाक मुरडू नये. अॅडासचंही, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचंही, तसंच. लेन सांभाळणारा कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे वाचतो; पट्टे पुसलेले असले किंवा काचेवर चिखल असला की तो हात टेकतो.

रोज फक्त शाळा आणि भाजी मंडई असेल तर डिझेलचा हट्ट नको. काजळी अडवणाऱ्या डीपीएफला ती जाळून टाकायला सलग, वेगातला प्रवास लागतो. तो मिळाला नाही की डॅशबोर्डवर दिवा पेटतो.

आणि सोसायटीत टेप घेऊन उतरावं. मुंबईच्या विकास नियमावलीत लहान गाडीची जागा २.३ बाय ४.५ मीटर धरलेली आहे. एक्सयूव्ही ७०० ची लांबी ४,६९५ मिलिमीटर, म्हणजे नाक किंवा शेपूट बाहेर. सफारीची रुंदी १,९२२ मिलिमीटर. अशा जागेत ती मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना जेमतेम १९-१९ सेंटीमीटर उरतात. तेवढ्यात दार उघडून उतरायचं कसं, हे शेजारच्या गाडीवाल्यालाच विचारावं लागेल. स्टॅक पार्किंग असेल तर पाटीवरची वजनमर्यादाही वाचावी.