चौथी झाली, पुढं काय?

गावात शाळा आहे, पण ती चौथीपर्यंतच. पुढं शिकायचं तर मोठ्या गावाला जायचं. अशी गावं आपल्या महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. कुठं पाचवीपर्यंत वर्ग असतात, कुठं सातवीपर्यंत. पण कधी ना कधी गावची शाळा संपते.

१ मेला निकाल लागतो. पोरगी पास होते. घरात साखर वाटतात. मग दीड महिना कुणी काही बोलत नाही. नांगरट असते, लग्नं असतात, पेरणीची घाई असते. जूनमध्ये शाळा उघडते, तेव्हा बाप विचारतो, "हिला आता कुठं घालायची?"

इथंच पुष्कळांची शाळा सुटते. मुलगी नापास झाली म्हणून नव्हे. कुणी काढून टाकलं म्हणूनही नव्हे. दाखला काढायचा राहिला. सोबत मिळाली नाही. ओढ्याला पाणी आलं. आठ दिवस गेले, महिना गेला. मुलगी धाकट्या भावाला सांभाळू लागली. मग कुणी विचारीतही नाही.

एका घरातलं बोलणं ऐका.

आजी म्हणाली, "चौथी झाली, नाव लिहिता येतंय, झालं की! आता पोरीला लांब कशाला धाडायची?"

सून म्हणाली, "आत्याबाई, मी दुसरीतच शाळा सोडली. आता या वयात रात्रीच्या वर्गाला बसते. तिच्यावर ती पाळी नको."

"अगं, शिकू नको असं मी कुठं म्हणते? पण ओढ्याला पाणी आलं तर पोर कुणाच्या भरवशावर?"

आजीचं बोलणं खोटं आहे का? नाही. म्हातारी माणसं अडाणी असतात, असं म्हणून मोकळं होता येत नाही. आजीनं ओढ्याचं विचारलं, तर उत्तरही ओढ्याचंच दिलं पाहिजे. ते उत्तर जूनमध्ये सापडत नाही. संक्रांत झाली की शोधायला लागावं.

गावातून आणखी किती मुलं जाणार, ते आधी बघा. चार घरचे आईबाप एकत्र बसा. मुलं एकत्र निघाली, एकत्र परतली, तर निम्मी काळजी जाते. सातवी-आठवीतली मोठी मुलगी बरोबर असेल तर फारच बरं. पाणी चढलं की त्या दिवशी कुणी ओढ्यात उतरायचं नाही, हे मुलांना बजावून सांगा. अलीकडं थांबायचं की परत फिरायचं, तेही आधीच ठरवा. पलीकडं अडकली तर कुणाच्या घरी बसायचं, ते घरही दाखवून ठेवा.

वाटेवर एस. टी. असेल तर मुख्याध्यापकांना पासाचं विचारा. खेड्यातल्या मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत शाळेत जायला एस. टी.चा पास फुकट मिळतो. त्या योजनेला अहिल्याबाई होळकरांचं नाव आहे. मुलांना पासाचे पैसे पडतात, पण त्यांतही सवलत असते.

कायदाही आपल्या बाजूला आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला फुकट शिक्षण मिळालं पाहिजे, असं तो सांगतो. पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी, असा आपल्या राज्याचा नियम आहे. म्हणजे पाचवीचा वर्ग गावातच काढा, अशी मागणी आपल्याला करता येते. ती कुठं करायची? शाळा व्यवस्थापन समितीत. या समितीत चारांतले तीन सभासद आईबाप असतात. निम्म्या बाया असायला हव्यात. पुष्कळ ठिकाणी बाया नुसत्या सहीपुरत्या असतात. तसं होऊ देऊ नका. ओढ्याचं बोलणं त्यांच्याइतकं नेमकं कोण करील?

आता पोराच्या मनाचं बघू. गावच्या शाळेत गुरुजी एक किंवा दोन. ते पोराला घरासकट ओळखतात. मोठ्या शाळेत घंटा झाली की बाई जातात, दुसरे सर येतात. पाचवीत हिंदी येते. सहावीपासून विज्ञान, इतिहास, भूगोल अशी पुस्तकं वेगळी होतात. भोवती दांडगी मुलं असतात. पोर पहिले पंधरा दिवस गप्प राहतं. पोट दुखतं म्हणतं. खरोखरच दुखत असेल तर दवाखान्यात न्या. पण शाळेच्या वेळेलाच दुखत असेल, तर रागावू नका, जवळ बसवून विचारा.

म्हणून सुट्टी लागायच्या आधी एक दिवस पोराला घेऊन नवी शाळा बघून या. वर्ग कुठं, पाणी कुठं, मुलींचं संडास कुठं आहे, त्याला कडी आहे का, हे बघा. शेवटचं विचारायला लाजू नका. त्यापायीही मुली शाळेत जायच्या थांबतात.

दोन्ही शाळांच्या गुरुजींनीही एकमेकांशी बोलायला हवं. पोर भागाकारात अडतं, याला लांबचं दिसत नाही, ही कुणापुढं बोलत नाही, हे चौथीच्या गुरुजींना ठाऊक असतं. ते पुढच्या वर्गशिक्षकांना कळलं, तर पोराचे दोन-चार महिने वाया जात नाहीत. गुरुजींना ही विनंती आपणच करावी. चांगले गुरुजी नाही म्हणत नाहीत.

राहिला दाखला. मागितल्यावर मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा असतो. उशीर झाला, तरी तेवढ्यासाठी नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. दाखला हाती आला की तिथंच उभं राहून वाचा. आता तुम्हाला वाचता येतं. मुलीचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, एकेक अक्षर तपासा. पुढं दहावीच्या कागदावर हेच उतरतं. तेव्हा चूक दुरुस्त करायला फार हेलपाटे पडतात.

दाखल्यासाठी अर्ज असा लिहावा. वहीत उतरवून काढा. मोकळ्या जागी आपल्या घरची नावं घाला.

मा. मुख्याध्यापक यांस,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ………

स. न. वि. वि.
माझी मुलगी कु. ……… ही आपल्या शाळेत चौथीची परीक्षा पास झाली आहे. तिला पाचवीसाठी ……… येथील शाळेत घालायचे आहे. तरी तिचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही विनंती.

तारीख ………
आपली नम्र,
(आईची सही) ………