दोन बंधु, एक बिऱ्हाड

विनोद कशांतून उत्पन्न होतो, हें पाहण्यास दोन उदाहरणें घेऊं. इ. स. १९९६ च्या नाताळांत इंग्लंडांत दूरचित्रवाणीवर 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' या मालिकेचा खास भाग सुमारें २ कोटि ४३ लक्ष लोकांनीं पाहिला. पेकहॅमला नगरपालिकेच्या इमारतींत राहणारे, तीनचाकी गाडींतून माल विकणारे डेल व रॉडनी हे बंधु. त्यांच्या अडगळींतलें जुनें घड्याळ ६२ लक्ष पौंडांस विकलें जातें!

आमच्या सचिन पिळगांवकरांच्या 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) या बोलपटांतील धनंजय माने व त्याचा धाकटा भाऊ शंतनू यांस मात्र धन नको, पुण्यांत जागा हवी. घरमालकीण लीलाबाई काळभोर बिऱ्हाड देणार तें सपत्नीक मंडळींसच. तेव्हां परशुराम व सुधीर हे मित्र लुगडीं नेसून पत्नी होतात. शिर्डीस गर्दीच्या दिवसांत खोली शोधणाऱ्यास ही अडचण सांगावयास नको. लबाडी ती लबाडीच. पण प्रेक्षक हंसतो तो पदर सांवरतांना उडणाऱ्या धांदलीला. पुढें वृद्ध लीलाबाईंचा या मंडळींवर जीव जडतो, आणि हंसतां हंसतांच भीति वाटूं लागते : खरें कळेल तेव्हां बाईंना काय वाटेल?