संगणक अडतो कोठे?

(लिनक्सवरील संगणक सुरू न झाल्यास करावयाचा विचार)

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला

संगणक सुरू झाला नाही की आपल्याकडे बहुधा एकच निदान ऐकू येते : ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ फॉरमॅट मारणे म्हणजे हार्ड डिस्कवरील होते-नव्हते ते पुसून सारे नव्याने बसविणे. पायात काटा रुतला म्हणून कोणी पाय कापा असे म्हणत नाही. परंतु संगणकाच्या बाबतीत हा सल्ला बिनदिक्कत दिला जातो आणि आपणही तो मुकाट्याने मानतो. वास्तविक अडलेला संगणक बहुतेक वेळा काही ना काही सांगत असतो. ते वाचावयाचे कसे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. महाविद्यालयाची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. ‘कमवा व शिका’ योजनेतून मला ग्रंथालयात काम मिळाले आणि तेथील दोन जुन्या संगणकांशी गाठ पडली. दोन्हींवर लिनक्स आहे. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते पुस्तकी पांडित्य नसून हाताखालून गेलेले आहे, असे वाचकांनी समजावे.

लिनक्स कशासाठी?

अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला. ज्याला हवे त्याला वापरता येईल, उघडून पाहता येईल, सुधारता येईल आणि दुसऱ्याला देता येईल अशी संपूर्ण प्रणाली उभी करावी, हा त्यांचा हेतू. पुढे २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तिचा गाभा म्हणजे लिनक्स कर्नेल. या दोहोंच्या मिलाफातून आजच्या डेबियन, उबुंटू, मिंट इत्यादी प्रणाली तयार झाल्या. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली तयार केली. केरळातील शासकीय शाळांतून तर अनेक वर्षे मुक्त प्रणालीवरच मुले संगणक शिकत आहेत.

आमच्यासारख्यांना हिचा उपयोग उघड आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला चालत नाहीत असे कितीतरी चांगले संगणक अडगळीत जाऊ लागले. त्यांवर लिनक्स सुखाने चालते आणि त्यासाठी पैसा पडत नाही. मात्र बिघडल्यास गावातील दुकानदार ‘आम्ही लिनक्स पाहत नाही’ असे म्हणतो. म्हणून आपले आपल्यालाच पाहता आले पाहिजे.

सुरू होण्याचे पाच टप्पे

बटन दाबल्यापासून आपले नाव पडद्यावर येईपर्यंत काम एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात असते. पालखी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जावी, तसे.

पहिला टप्पा बायोसचा. नव्या संगणकांत त्याला यूईएफआय म्हणतात. तो मेमरी, कळफलक, डिस्क इत्यादी अवयव तपासतो. दुसरा टप्पा ‘ग्रब’ या छोट्या आज्ञावलीचा. कोणती प्रणाली उठवायची हे ती ठरविते. तिसरा टप्पा कर्नेलचा. त्याच्यासोबत ‘इनिट-रॅम-एफएस’ नावाची तात्पुरती शिदोरी असते. तिच्या आधाराने कर्नेल डिस्कवरील मुख्य भाग शोधून जोडून घेतो. चौथ्या टप्प्यात ‘सिस्टमडी’ ही आज्ञावली नेटवर्क, घड्याळ, छपाई अशा सेवा उठविते. पाचव्या टप्प्यात चित्रमय पडदा येतो, परवलीचा शब्द विचारला जातो आणि आपण आत जातो.

हे पाच टप्पे पाठ असले की अर्धे निदान झालेच. ग्रबची यादी दिसली, तर बायोसला डिस्क सापडली आहे. परवलीचा शब्द विचारला गेला, तर कर्नेल आणि बहुतेक सेवा ठीक आहेत. जेथे अडले त्याच्या अलीकडचे टप्पे पार पडले, असे धरून दोष त्या ठिकाणी आणि त्याच्या पुढे शोधावा. म्हणून पहिला नियम असा : काहीही करण्यापूर्वी शेवटी पडद्यावर काय दिसले ते कागदावर जसेच्या तसे उतरवून घ्यावे.

टप्प्यानुसार उपाय

(आज्ञा संगणकावर रोमन लिपीत, बहुतांशी लहान अक्षरांत टंकाव्या लागतात. येथे त्यांचा उच्चार दिला आहे.)

पहिल्या टप्प्यावर अडले तर त्यात लिनक्सचा दोष नसतो. बूट करण्याजोगे साधन नाही असा संदेश आल्यास आधी लावून राहिलेला पेन ड्राइव्ह काढावा, डिस्कची वायर पाहावी, बायोसमध्ये डिस्कचा क्रम पाहावा. जुन्या संगणकात आणखी एक गंमत होते. आतील घड्याळाची सीआर २०३२ ही ३ व्होल्टची चपटी बॅटरी संपते आणि तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग इंटरनेटची पाने ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत आणि नव्या आज्ञावली उतरत नाहीत. वरवर पाहता दोष इंटरनेटचा वाटतो. पण प्रत्यक्षात बॅटरी बदलून तारीख नीट केली की सारे सुरळीत होते.

दुसऱ्या टप्प्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ हे शब्द येऊन पडदा थांबतो. ग्रबला आपल्याच फायली सापडत नाहीत, असा त्याचा अर्थ. डिस्कचे भाग बदलल्यास असे होते. अशा वेळी आपली कागदपत्रे बहुधा जागच्या जागी असतात. हरवलेला असतो तो केवळ रस्ता. लिनक्सच्या ‘लाइव्ह’ पेन ड्राइव्हवरून संगणक उठवून ग्रब पुन्हा बसविता येतो.

तिसऱ्या टप्प्यातील नेहमीची तक्रार म्हणजे प्रणाली अद्ययावत केल्यानंतर येणारा काळा पडदा. उबुंटू, मिंटसारख्या प्रणाली जुना कर्नेल लगेच काढून टाकीत नाहीत. संगणक सुरू होताना जुन्या बायोसमध्ये शिफ्ट व यूईएफआयमध्ये एस्केप ही कळ दाबल्यास ग्रबची यादी दिसते. तीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये जाऊन आधीचा कर्नेल निवडावा. त्यावर संगणक उठला तर दोष नव्या कर्नेलमध्ये आहे हे सिद्ध झाले. ग्राफिक्स कार्डाची शंका असल्यास यादीतील नावावर ‘ई’ कळ दाबावी, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडावा आणि एफ-१० दाबावे. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो, त्यामुळे करून पाहण्यात धोका नाही.

वीज अचानक गेल्यावर कधी कधी ‘इनिट-रॅम-एफएस’ अशी अक्षरे येऊन संगणक थांबतो. वरच्या ओळीत डिस्कच्या ज्या भागात विसंगती आहे त्याचे नाव असते आणि ‘एफएससीके’ हाताने चालवा, असे स्पष्ट लिहिलेले असते. ती आज्ञा आणि त्या भागाचे नाव टंकले की दुरुस्ती सुरू होते, मग ‘एक्झिट’. दोन पथ्ये मात्र पाळावीत. वापरात असलेल्या भागावर ही आज्ञा कधीही चालवू नये. आणि पडद्यावर ‘इनपुट-आउटपुट एरर’ असे वारंवार येत असेल तर डिस्कच आजारी असण्याची शक्यता असते. तेथे दुरुस्तीच्या आधी कागदपत्रांची प्रत काढावी.

चौथ्या टप्प्यावर कधी कधी संगणक दीड मिनिट खोळंबतो आणि मग ‘इमर्जन्सी मोड’ मध्ये जातो. बहुधा ‘एफएसटॅब’ या फायलीत पूर्वी जोडलेल्या आणि आता नसलेल्या डिस्कचे नाव राहिलेले असते. पाहुणा येणार म्हणून ताट मांडून बसावे आणि पाहुणा गावातच नसावा, अशी ही स्थिती. ती ओळ काढली किंवा तीत ‘नोफेल’ हा शब्द घातला की संगणक वाट पाहून अडून बसत नाही.

अद्ययावत करीत असताना वीज गेली तर आज्ञावली अर्धवट बसतात. त्यावर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि मग ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ या दोन आज्ञा आहेत. यांतील पहिली पाठ करण्याचीही गरज नाही, कारण अशा वेळी संगणक स्वतःच ती पडद्यावर लिहून दाखवितो.

एक उदाहरण

पाचव्या टप्प्याचे उदाहरण मी आमच्या ग्रंथालयातीलच देते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही मुलींनी एका गावातील वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या होत्या. नंतर त्या एका संगणकावर टंकल्या आणि वह्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. काही पावसात भिजल्या. ओव्या सांगणाऱ्यांपैकी एक आजी पुढे वारल्या. त्यांनी सांगितलेल्या ओव्या आता त्या एका संगणकावरच होत्या.

एके दिवशी तो संगणक आत घेईना. परवलीचा शब्द दिला की पडदा क्षणभर काळा होई आणि पुन्हा परवलीचाच पडदा येई. बोलावलेल्या दुरुस्ती करणाऱ्यांनी पाच मिनिटांत निकाल दिला : फॉरमॅट. ग्रंथपाल बाईंनी त्यांना चहा पाजून परत पाठविले आणि मला म्हणाल्या, ‘तू बघ गं. पण आधी ओव्या बाहेर काढ.’

आधी प्रत, मग उपचार. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून संगणक उठविला. अशा वेळी डिस्कवरील प्रणाली झोपलेलीच राहते. परंतु तिच्यावरील फायली वाचता येतात. ओव्यांची फाइल उघडली, त्या आजींचे नाव पाहिले आणि मगच माझा हात स्थिर झाला. दोन पेन ड्राइव्हवर प्रती काढल्या.

मग विचार केला. परवलीचा शब्द चुकला असता तर संगणकाने तसे सांगितले असते. म्हणजे शब्द बरोबर आहे, चार टप्पे पार पडले आहेत आणि अडते ते पाचव्यात. पुन्हा मूळ प्रणाली उठवून कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबल्या. काळ्या पडद्यावर नाव व परवलीचा शब्द दिल्यावर संगणकाने आत घेतले! ‘डीएफ -एच’ ही आज्ञा दिली तेव्हा मुख्य भागापुढे आकडा होता १०० टक्के. डिस्क तुडुंब भरली होती.

डिस्क भरूनही संगणक येथवर कसा आला? ईएक्सटी-४ या रचनेत साधारणपणे ५ टक्के जागा मुख्य व्यवस्थापकासाठी, म्हणजे ‘रूट’ साठी, राखून ठेवलेली असते. त्यामुळे यंत्रणेच्या सेवा उठतात. पण सामान्य वापरकर्ता आत जाऊ लागला की त्याच्या लहान लहान फायली लिहायला जागा उरत नाही आणि तो बाहेर फेकला जातो. दोष परवलीच्या शब्दात नव्हता, डिस्क मोडलेली नव्हती, व्हायरसही नव्हता.

‘सुडो एपीटी क्लीन’ ने उतरवून ठेवलेल्या जुन्या आज्ञावली गेल्या. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ ने नको असलेले जुने कर्नेल गेले. ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम’ ने नोंदवही २०० एमबीपर्यंत आटोपली. संगणक पुन्हा सुरू केला आणि आत गेलो. ओव्यांच्या एकाही अक्षराला धक्का लागला नाही.

या नोंदवहीविषयी एक शब्द. प्रत्येक वेळी काय घडले ते सिस्टमडी लिहून ठेवते. ‘जर्नलसीटीएल -बी -१ -पी ईआरआर’ या आज्ञेने मागच्या खेपेच्या चुका तेवढ्या वाचता येतात. पडद्यावर काहीच न दिसता संगणक पडला तरी तेथे बहुधा धागा सापडतो.

वाचण्याची सवय

यावर कोणी म्हणेल, हे संदेश इंग्रजीत असतात, मराठी माध्यमातल्या मुलांनी काय करावे? माझीही शाळा मराठीच. पण हे इंग्रजी कादंबरीचे नाही. ‘सापडले नाही’, ‘परवानगी नाही’, ‘जागा नाही’, ‘हाताने चालवा’ अशा अर्थाचे तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात. मी एका वहीत डाव्या बाजूला संदेश, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ आणि खाली केलेला उपाय असे लिहीत गेले. चाळीसेक शब्दांत बहुतेक काम भागते, असा माझा अनुभव आहे.

आमच्या घरी इंग्रजी कागद आला की वडील तो घडी करून खिशात ठेवीत आणि वाचून घेण्यासाठी कोणाकडे तरी जात. वाचणारा सांगेल तो अर्थ खरा मानावा लागे. मग तो वीजबिलाचा असो की बँकेचा. संगणकापुढे आपली स्थिती तीच होते. ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे वाक्य खरे की खोटे, हे ठरविण्याचे साधन आपल्याकडे नसते. पाच टप्पे, एक लाइव्ह पेन ड्राइव्ह आणि एक वही, एवढे जवळ असले की निदान प्रश्न विचारता येतो : ‘कोणत्या टप्प्यावर अडला? संदेश काय आला?’ कधी खरोखरच सारे नव्याने बसवावे लागते. तेव्हाही आपली प्रत सुरक्षित असते आणि निर्णय आपला असतो.

माझी ती वही ग्रंथालयाच्या खिडकीपाशी दोरीने बांधून ठेवली आहे. ज्यांचा संगणक अडला असेल त्यांनी ती जरूर पाहावी आणि नवा उपाय सापडल्यास तारीख घालून तीत लिहावा. तिची पाने अशी सर्वांच्या हातांनी भरत गेली, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.