सर्पदंश, घोडा आणि पॉलिक्लोनल प्रतिपिंडे

पावसाळा सुरू झाला की कोलार रोडच्या पलीकडील शेतवस्त्यांतून सर्पदंशाची मुले रुग्णालयात येऊ लागतात. त्यांना जीवदान देणारे औषध कसे तयार होते, हे डॉक्टरांइतकेच पालकांनीही जाणून घेण्यासारखे आहे.

शरीरात परके प्रथिन शिरले की निरनिराळ्या बी-पेशी त्याच्या निरनिराळ्या भागांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करतात. अशा मिश्र समूहास पॉलिक्लोनल प्रतिपिंडे म्हणतात. संशोधनासाठी ती हवी असल्यास सशाला विशिष्ट प्रथिन सहौषधासह टोचतात, काही आठवड्यांच्या अंतराने पूरक मात्रा देतात, एलायझा चाचणीने रक्तातील प्रमाण मोजतात आणि रक्तद्रवातून प्रतिपिंडे शुद्ध करून घेतात.

प्रतिसर्पविष हे याच तत्त्वाचे विशाल रूप होय. १८९० मध्ये बेहरिंग व कितासातो यांनी घटसर्प आणि धनुर्वातासंबंधी प्रतिविषाचे तत्त्व मांडले. पुढे काल्मेत यांनी ते सर्पविषाला लावले. मुंबईत १८९९ मध्ये परळला आलेल्या व १९२५ पासून हाफकिन यांचे नाव धारण करणाऱ्या संस्थेने या औषधाच्या निर्मितीची मोठी परंपरा निर्माण केली. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांचे विष अत्यल्प मात्रेपासून हळूहळू वाढवीत घोड्यांना टोचतात. पुरेशी प्रतिपिंडे तयार झाल्यावर रक्त घेऊन रक्तद्रव वेगळा करतात, पेप्सिनने प्रक्रिया करतात व अखेरीस शुष्क भुकटी कुपीत भरतात. विष हे अनेक प्रथिनांचे मिश्रण असल्याने त्यावर प्रतिपिंडेही अनेक प्रकारचीच हवीत.

या पद्धतीची मर्यादाही तिच्यातच आहे. ज्या सापाचे विष टोचले, त्याच्याच विरुद्ध प्रतिपिंडे मिळतात. म्हणूनच सह्याद्रीतील नाकावर उंचवटा असलेल्या चापड्यावर हे औषध उपयोगी पडत नाही. भारतात बहुतांश विष तमिळनाडूतील इरुळा सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशपरत्वे बदलत असल्याने प्रादेशिक प्रतिविषाची गरज तज्ज्ञ मांडत आहेत.

आता बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. घोणस एका दंशात सरासरी सुमारे ६३ मिलिग्रॅम विष सोडते. एक मिलिलिटर औषध तिचे ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. म्हणजे दहा मिलिलिटरच्या दहा कुप्या साधारण ६० मिलिग्रॅमला पुरतात. साप मुलाचे वजन पाहून विष सोडत नाही! इतर औषधे आपण वजनानुसार देतो. येथे मात्र मुलालाही प्रौढाइतकीच मात्रा द्यावी लागते. वजनाच्या हिशेबाने कुप्या कमी केल्यास उरलेले विष आपले काम करीतच राहते. प्रथिन घोड्याचे असल्याने तीव्र ॲलर्जी संभवते, म्हणून ॲड्रेनलिन भरून जवळ ठेवावे.

पालकांनी दंश झालेला अवयव हलू न देता मुलास तातडीने रुग्णालयात न्यावे. कापणे, चोखणे, आवळून बांधणे टाळावे. रात्री जमिनीवर झोपलेल्या मुलाच्या पोटात अचानक दुखू लागले वा पापण्या जड होऊ लागल्या, तर दंशाची खूण नसली तरी मण्यारीची शंका घ्यावी. घोड्याने दिलेले हे दान वेळेवर आणि पूर्ण मात्रेत पोहोचले, तरच ते सार्थकी लागते.