औषध घडवणारे जीव

बुलडाणा जिल्ह्यात चिखली तालुक्यातल्या सोयाबीन-कपाशीच्या गावातून मी निघाले, अमरावतीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि औषधांच्या कारखान्यात शिरले. रसायनांच्या विभागात नाही, तर जिथे जिवंत पेशींकडून औषध करून घेतात तिथे. त्या कामात आयुष्याची पुष्कळ वर्षं गेली. या वर्षांनी जे शिकवलं त्यातलं थोडंच पुस्तकात होतं. काही कारखान्यात कळलं, आणि काही तर गावी परत आल्यावर.

१. औषध आपण बनवत नाही, बनवून घेतो. इन्सुलिनमुळे हे मला पहिल्यांदा नीट उमगलं. पूर्वी ते गुराडुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. मग माणसाचं जनुक जिवाणूत घालून त्याच्याकडून माणसाचंच इन्सुलिन करून घेता येऊ लागलं, आणि १९८२ मध्ये ते अमेरिकेत रुग्णांसाठी मंजूर झालं. आमच्या देऊळगाव राजाहून जालना ओलांडलं की येणाऱ्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वॉकहार्टने २००३ मध्ये यीस्टकडून इन्सुलिन तयार करून बाजारात आणलं. त्या यीस्टला ना रक्त, ना साखरेचा आजार. स्वतःच्या काहीही कामाचं नसलेलं हे प्रथिन तो निमूट बनवत राहतो. आपण त्याला खाऊ घालायचं, हवा द्यायची, ऊब सांभाळायची. हे लक्षात आल्यापासून ‘आम्ही औषध तयार करतो’ असं म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

२. जिवाला घड्याळ असतं, पण ते आपलं नसतं. ई. कोलाय हा जिवाणू मनासारखं वातावरण मिळालं की वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. संध्याकाळी शांत दिसणारा फर्मेंटर, म्हणजे हे जीव वाढवण्याची टाकी, मध्यरात्री प्राणवायूसाठी कासावीस झालेला असतो, फेस वर चढत असतो, आणि शिफ्टमधल्या माणसाला तिथे उभं राहावंच लागतं. बाहेरचा एखादा जिवाणू आत शिरला तर अख्खी बॅच टाकून द्यायची, त्यात तडजोड नाही. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. घरी आपण आजच्या दह्यातलं विरजण उद्याला ठेवतो, इथे तसं चालत नाही. पिढ्यामागून पिढ्या गेल्या की जीव बदलतात. म्हणून दर वेळी अतिथंडीत जपलेल्या मूळ साठ्यातली कुपी काढून पहिल्यापासून सुरुवात करायची. त्या साठ्याला आम्ही सेल बँक म्हणतो. कारखान्यातली सगळ्यांत मोलाची चीज कुठली असं मला कुणी विचारलं, तर मी त्या छोट्या कुप्यांकडे बोट दाखवीन.

३. घडवण्यापेक्षा निवडून काढणं अवघड असतं. पेशींनी औषध बनवलं तरी ते त्यांच्या स्वतःच्या शेकडो प्रथिनांच्या गर्दीत मिसळलेलं असतं. त्यातून एकच वेगळं काढायचं, म्हणजे एकामागून एक गाळण्या आणि स्तंभ पार करायचे. एवढं करूनही जिवाणूच्या कवचाचा सूक्ष्म अंश उरला तर शिरेतून गेल्यावर माणूस थंडीतापाने फणफणतो. तो अंश ओळखायला पूर्वी सशांना टोचून त्यांचा ताप मोजत. पुढे हॉर्सशू क्रॅब नावाच्या समुद्री जिवाच्या निळ्या रक्ताचा उपयोग सुरू झाला, कारण ते अशा अंशाच्या नुसत्या स्पर्शाने साकळतं. आता त्या रक्तातला घटकही प्रयोगशाळेत बनवता येतो. समुद्र न पाहिलेल्या आमच्या गावात कुणी सलाइन लावून पडलेलं दिसलं, की किनाऱ्यावरच्या त्या प्राण्याचं ऋण मला आठवतं.

४. जैवतंत्रज्ञान म्हणजे चकचकीत यंत्रं, हा समज घोड्यांनी घालवला. आमच्याकडे पेरणीपासून सोंगणीपर्यंत सापाची धास्ती असते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही नावं पोरांनाही पाठ. त्यावरचं एकमेव खरं औषध शंभरहून अधिक वर्षांपूर्वी शोधलेल्या रीतीनेच आजही बनतं. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा द्यायची, हळूहळू वाढवायची, आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं वेगळी करून शुद्ध करायची. हे ऐकून आमची काकू म्हणाली होती, “घोड्याचं रगत माणसाले कसं चालते वं?” प्रश्न अगदी बरोबर होता. काहींना ते चालत नाही, अंगावर गांधी उठतात, दम लागतो, रक्तदाब पडतो. म्हणून ही लस देताना डॉक्टर अॅड्रेनॅलिन हाताशी ठेवतात. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने या औषधाच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं, त्याचं मला अजून नवल वाटतं.

५. औषध कुणाशी लढतंय, हे आधी विचारावं. लहान मुलांना औषध कमी द्यायचं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. सापाच्या लसीचं तसं नाही. मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच बाटल्या लागतात, कारण लस शरीराच्या वजनाशी नाही, सापाने सोडलेल्या विषाशी हिशेब करते, आणि साप समोर कोण आहे ते पाहून विष मोजत नाही. बाटलीवर लिहिलेलं असतं की एक मिलिलिटर लस नागाचं किंवा घोणसाचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करते, मण्यार आणि फुरशाचं ०.४५. हे आकडे मी कामावर असंख्य वेळा वाचले होते. त्यांचा अर्थ मात्र साप चावलेल्या एका लेकराच्या चिमुकल्या हाताला सलाइन लागलेलं पाहिलं त्या दिवशी लागला.

६. विषालाही मुलूख असतो. देशातल्या लशींसाठी लागणारं विष बहुतांशी तमिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतं. साप पकडून, विष काढून, त्याला पुन्हा रानात सोडणाऱ्या या लोकांचं कसब मोठं आहे. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, हे संशोधकांनी दाखवून दिलं आहे. तिकडच्या घोणसाच्या विषावर तयार झालेली लस दुसऱ्या मुलखातल्या घोणसावर तितकीच चालेल, अशी खात्री देता येत नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. त्यातली बरीचशी शेतात राबणारी. त्यामुळे आपल्या भागातल्या विषाचा अभ्यास व्हावा ही मागणी मला शेतीच्या पाण्याइतकीच रास्त वाटते.

७. जैविक औषध एकटं पुरेसं नसतं. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर रायगडात महाडला गेले. तिथे लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावताना पाहून त्यांनी रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली आणि कितीतरी जीव वाचले. पुढे विंचवावरची प्रतिविषाची लस आली. तेव्हा गोळी की लस अशा वादात न पडता त्यांनी दोन्हींची रीतसर चाचणी केली. २०११ मध्ये बीएमजे या नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले: दोन्ही एकत्र दिली तर रुग्ण लवकर सावरतो. मोठ्या तंत्रज्ञानाने मीही अनेक वर्षं दिपून गेले होते. खाटेपाशी बसून बारकाईने पाहणारा डॉक्टर हेही संशोधनाचंच साधन असतं, हे त्यांच्या कामाने शिकवलं.

८. पुढचं औषध पायाखालीही असू शकतं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्याच मातीतल्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध मिळालं. हे वाचल्यापासून आमच्या जिल्ह्यातल्या लोणार सरोवराकडे पाहण्याची माझी नजर बदलली. सामू दहाच्या आसपास असलेल्या त्या पाण्यात मासा जगत नाही, सूक्ष्मजीव मात्र सुखाने नांदतात. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया असल्याचं सांगितलं. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांना इथे सापडलेला एक जिवाणू तर ‘सेसेम्बिया लोनारेन्सिस’ या नावाने जगाला माहीत आहे. प्रयोगशाळेत दिसलेला गुण आणि रुग्णाच्या हातातली बाटली यांच्यात मोठं अंतर असतं, ते मी जवळून पाहिलं आहे. पण सरोवरात सांडपाणी मिसळलं आणि तिथले जीव ओळखण्याआधीच संपले, तर ते अंतर कापण्याची संधीही उरणार नाही.

९. औषध स्वस्त करणं हेही शास्त्रच आहे. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढून, त्यांत जनुक घालून, कर्करोगाशी लढायला त्या परत सोडायच्या, हा उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधल्या मंडळींनी इथे उभा केला. ‘नेक्सकार १९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशातल्या अशा उपचाराच्या साधारण एक दशांश खर्चात तो होतो. याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण तो एक दशांशही आमच्याकडच्या दोन एकरवाल्याला पेलवत नाही. म्हणून हे काम संपलं असं मी मानत नाही.

१०. शेवटचा टप्पा कारखान्याच्या फाटकाबाहेर असतो. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत राहावं म्हणून आम्ही रात्रंदिवस नोंदी ठेवत असू. गावी आल्यावर पाहिलं, घाटावर बुलडाणा-चिखलीकडे जरा तरी निभावतं, पण घाटाखाली खामगाव-शेगाव-नांदुऱ्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि वीज नेमकी दुपारी जाते. कितीतरी घरांत फ्रीजच नाही. तिथे बाया इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात जपतात आणि ते शहाणपणाचं आहे. उलट फ्रीज असलेल्या घरात ती बर्फाच्या कप्प्यात जाते आणि गोठून वाया जाते, कारण दुकानातून घेताना कुणी सांगितलेलंच नसतं. सापाची लस भुकटीच्या रूपात येते ती याचसाठी, की फ्रीज बंद पडला तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात ती टिकावी. ती भुकटी करणाऱ्या कुणीतरी आमच्यासारख्या गावाचा विचार केला होता.

आता जिल्ह्यातल्या कॉलेजांतली मुलंमुली विचारतात, मॅडम, जैवतंत्रज्ञानात जायचं तर काय करू? मी त्यांना प्रवेशपरीक्षांची, प्रयोगशाळांची माहिती देते. आणि एक काम सांगते: आधी आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात जाऊन या, सापाच्या लसीच्या किती बाटल्या शिल्लक आहेत, रात्री डॉक्टर कोण असतो, ते विचारा. जी उत्तरं मिळतील ती घेऊन मग फर्मेंटरपाशी उभे राहा. आपण कुणासाठी जागतोय, हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हातून बॅच अधिक जपली जाते, असं मला इतक्या वर्षांनी ठामपणे वाटतं.