विजेच्या गिटारीसाठीं पिकअप कसा निवडावा

आपल्या शाळेच्या वाद्यवृंदांत विजेवर चालणारी गिटार एकच आहे. स्नेहसंमेलनाच्या दिवशीं सकाळीं ती समूहगीताला साथ करते, दुपारीं नाट्यप्रवेशांच्या मागें वाजते, आणि सायंकाळीं वरच्या वर्गांतील मुलांच्या हातीं गेली म्हणजे तिनें रॉक संगीताची गर्जना करावी अशी अपेक्षा असते. दोन वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांनीं खाऊचे पैसे सांठवून तिच्यासाठीं नवा पिकअप घेण्याचें ठरविलें आणि निवडीचें काम माझ्यावर सोंपविलें. ती निवड चुकली. पैसे मुलांचे होते म्हणून ती चूक मला अधिक बोंचली. ती कशी घडली हें समजण्यासाठीं पिकअप म्हणजे काय हें आधीं पाहिलें पाहिजे.

साध्या गिटारीचा नाद तिच्या पोकळ पेटींत घुमतो. विजेच्या गिटारीचें अंग बहुधा भरीव लांकडाचें असतें. तारांखालीं बसविलेला पिकअप हाच तिचा कान होय. त्यांत लोहचुंबक असतो व त्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे कित्येक हजार वेढे असतात. वरची पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्यानें स्वतःही किंचित् चुंबकित होते. ती कंप पावूं लागली कीं वेटोळ्यांतील चुंबकीय क्षेत्र कमीअधिक होतें आणि वेटोळ्यांत क्षीण विद्युत्संदेश उत्पन्न होतो. ध्वनिवर्धक तोच मोठा करतो. मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखविलेला नियम तो हाच. दहावीच्या मुलांनीं गॅल्व्हॅनोमीटरची सुई हलवून तो पाहिला आहे. या तत्त्वावर जॉर्ज बीचम यांनीं अमेरिकेंत १९३१ सालीं गिटार बनविली व १९३७ सालीं त्यांना तिचें पेटंट मिळालें. नायलॉनच्या तारा लावल्या तर हा कान बहिराच.

एकाच वेटोळ्याच्या पिकअपला एक खोड असते. आसपासच्या दिव्यांची व यंत्रांची वीजही तो ऐकतो. आपल्याकडे घरगुती विजेचीं आवर्तनें सेकंदाला ५० असतात, आणि त्यांची गुणगुण गाण्यामागें सतत चालू राहते. गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर यांनीं १९५५ सालीं यावर सुंदर तोड काढली. त्यांनीं दोन वेटोळीं शेजारीं शेजारीं ठेवलीं. दुसऱ्याचे वेढे उलट दिशेनें जोडले आणि त्याच्या चुंबकाचा ध्रुवही उलट केला. बाहेरची गुणगुण केवळ वेढ्यांमुळें उलटते, तेव्हां ती एकमेकींना मारते. तारेचा संदेश मात्र दोनदां उलटतो, म्हणजे सुलटच राहतो, व त्याची बेरीज होते. बीजगणितांतील उणे गुणिले उणे येथें प्रत्यक्ष ऐकूं येतें! या पिकअपला हंबकर म्हणतात. तो तार एकाच वेळीं दोन ठिकाणीं ऐकत असल्यामुळें स्वरांची वरची लकाकी थोडी बुजते व आवाज भरदार होतो. एकेरी पिकअप लख्ख व टोंकदार वाजतो. यांत श्रेष्ठ कोणता हें विचारणें म्हणजे बासरी चांगली कीं सनई, असें विचारण्यासारखें आहे.

आमच्या गिटारीला घोडीजवळ एक हंबकर आणि मध्यें व मानेजवळ एकेक एकेरी पिकअप आहे. ज्याला एकाच वाद्यावर सर्व कांहीं वाजवावयाचें आहे त्याला ही मांडणी फार सोयीची. घोडीजवळचा हंबकर अगदींच मिळमिळीत होता, म्हणून तो बदलावयाचा होता. मीं याद्या चाळल्या, एकाच्या पुढें रोध १६ किलोओहम असा आंकडा पाहिला, आणि मोठा आंकडा म्हणजे मोठें सामर्थ्य असें मानून तोच मागविला. गणित शिकविणाऱ्या माणसानें असें करावें याचें मला अजून हंसूं येतें. रोध हा मुख्यतः तारेच्या लांबीवर व जाडीवर अवलंबून असतो. वेढे तितकेच ठेवून तार अधिक बारीक घेतली तरी आंकडा वाढतो. तेवढ्यानें नाद वाढत नाहीं. शिवाय खरोखरच वेढे वाढविले तर संदेश बळावतो, पण वेटोळ्याचें प्रवर्तकत्वही वाढतें आणि वरचे स्वर झांकोळतात.

परिणाम तालमींतच दिसला. गर्जना उत्तम झाली. परंतु समूहगीताच्या वेळीं एका मुलीनें साधे स्वरसमूह छेडले तर ते एकमेकांत कालवल्यासारखे झाले व गाणाऱ्यांचे शब्द बुडाले. खटका फिरवून मानेजवळच्या पिकअपवर जावें तर आवाज एकदम निम्म्यानें पडल्यासारखा वाटे.

दुसऱ्या खेपेस आम्हीं घाई केली नाहीं. आधीं जुन्या तारा बदलल्या. मग पिकअपच्या बाजूचे स्क्रू फिरवून त्यांची उंची लावून पाहिली. पिकअप तारेजवळ आणला कीं आवाज वाढतो; फार जवळ नेला तर चुंबक तारेला ओढूं लागतो व स्वर डळमळतो. पुष्कळांचें काम एवढ्यानेंच भागतें व पैसे वांचतात. आमचें भागलें नाहीं, पण नक्की काय हवें तें कळलें. घोडीजवळ तार फार थोडी हलते, म्हणून तेथला पिकअप मानेजवळच्यापेक्षां कांहींसा बलवान् असावा, पण कांहींसाच. आमचे एकेरी पिकअप सुमारें ६ किलोओहमचे आहेत. त्यांच्या जोडीला आम्हीं ८ किलोओहमच्या आसपासचा, अल्निको चुंबकाचा हंबकर घेतला. ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट लोखंडांत मिसळून हा चुंबक होतो.

बहुगुणीपणाची खरी किल्ली मात्र पिकअपमधून निघणाऱ्या तारांत आहे. चार स्वतंत्र तारा असलेलाच हंबकर घ्यावा. मग लहानशा खटक्यानें एक वेटोळें बंद करून एकेरीसारखा लख्ख आवाज काढतां येतो. गुणगुण तेवढी परत येते. दोन्हीं वेटोळीं समांतर जोडलीं तर गुणगुण न येतां आवाज पातळ होतो, आणि समूहगीताला आम्ही आतां तोच वापरतों. तारांचे रंग प्रत्येक कंपनीचे निराळे असतात. डाख देण्यापूर्वीं तिचा नकाशा पाहावा. पहिल्या व सहाव्या तारेमधील अंतरही आधीं मोजून घ्यावें.

एक अडचण उरली. हंबकरला ५०० किलोओहमचें आवाजाचें बटण मानवतें, एकेरीला २५०चें; एरव्हीं पहिला मंद व दुसरा कर्कश वाटतो. बटण तर एकच. आम्हीं ५००चेंच बसविलें आणि खटका एकेरी पिकअपवर असेल तेव्हांच ४७० किलोओहमचा रोधक त्याला समांतर जोडला जाईल अशी व्यवस्था केली. नववी-दहावीच्या मुलांनीं हिशेब करून पाहावा: ५०० गुणिले ४७०, भागिले ९७०, उत्तर सुमारें २४२ येतें.

तो १६ किलोओहमचा पिकअप विज्ञानशाळेच्या कपाटांत आहे. त्याला ध्वनिवर्धक जोडून वर पोलादी नादकांटा वाजवून धरला कीं खोलीभर स्वर घुमतो. पालकांनीं प्रदर्शनाच्या दिवशीं तो अवश्य ऐकावा.